संशयासकट कुमुदताई

कुमुदताईंवर मी पहिल्या दिवसापासून संशय घेतला. त्या गेल्यावर नाशिकरोडला एका हॉलमध्ये शोकसभा झाली. तिथंही मी शेवटच्या रांगेत बसून हाच विचार करत होतो, की ही सभा भरवली कोणी आणि व्यासपीठावर बसलेल्यांना ताईंच्या नावाचं पुढं काय करायचंय. माइकवरून 'निःस्वार्थ सेवा', 'अहिंसेचा मार्ग', 'समाजपरिवर्तन' असे शब्द येत होते. शब्द खोटे नव्हते. पण ज्या बाईबद्दल ते चालले होते ती काही मला त्यांत दिसेना. ती बाई जेवण झालं की वेलाखाली तोंड उघडं टाकून घोरायची. एसटीतून जाताना दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायची. भाकरी कडक असली तर ज्यानं दिली त्याच्या तोंडावर 'कडक आहे' असं सांगायची आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत खायची. शेजारचे गृहस्थ मला म्हणाले, "तुम्ही ओळखत होतात ना? बोला की दोन शब्द." मी नुसती मान हलवली. मी बोलणारा माणूस नाही. आमची शोभा म्हणते, ह्यांच्या तोंडून शब्द काढण्यापेक्षा बोअरला पाणी लागणं सोपं. म्हणून लिहितो आहे.

दिंडोरीच्या अलीकडे माझी द्राक्षबाग आहे. दिवाळीच्या आगेमागे छाटणी झाली की काड्यांवरच्या डोळ्यांना, म्हणजे बारक्या कोंबांना, लगेच एक औषध लावावं लागतं, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. त्याला आम्ही पेस्टिंग म्हणतो. बादलीत औषध, हातात स्पंजचा तुकडा, आणि एकेका डोळ्याला तो टेकवत ओळीनं पुढं जायचं. हे काम मजुरांच्या टोळ्या करतात. त्या पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातून येतात, शेतातच पालं टाकून राहतात. औषध जहाल असतं. हाताला लागलं की कातडी लाल होते, चरचरते, मग सोलते. हातमोजे घालून करायचं काम आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं, बाटलीवर तसं चित्रही असतं. आणि सगळे बागायतदार एक ठरलेलं वाक्य म्हणतात. मीही म्हणायचो. "त्यांनाच नको असतात. मोजे घातले की हात चालत नाही म्हणतात."

त्या वर्षी पेस्टिंगच्या आदल्या दिवशी मला फोन आला.

"सुदामराव का? मी कुमुद बोलतेय, नाशिकरोडहून. उद्या तुमच्या बागेत पेस्टिंग आहे असं कळलं. मी येते आहे."

"कोण कुमुद?"

"तुम्ही नाही ओळखत. कामाला येते. मजुरी नको."

"मग काय पाहिजे?"

"एक ओळ द्या. बाकी काही नको."

मला कुणी फुकट काही देऊ केलं की माझा हात आधी खिशावर जातो. बागेच्या धंद्यानं ही सवय लावली. फुकटचं रोप, फुकटचा सल्ला, फुकटची ओळख, या सगळ्यांची किंमत पुढं कधीतरी मोजलेली असते. मी 'या' म्हटलं नाही, 'नका येऊ' असंही म्हटलं नाही. रात्रभर मनात एकच, की वाईट हेतूनं येणारा माणूस आधी फोन करत नाही. आणि चांगल्या हेतूनं तरी कोण करतो?

सकाळच्या पहिल्या गाडीनं त्या आल्या. साठी उलटलेली, ठेंगणी बाई. जाड भिंगाचा चष्मा, साडीखाली पुरुषी बूट, खांद्याला रेक्झिनची पिशवी. नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होता, तो वारला, मुलगी लग्न होऊन लांब गेली, एवढं त्यांनी बांधावर उभ्या उभ्या सांगून टाकलं. मी विचारलं नव्हतं. शोभाला मात्र त्या तिथंच आवडल्या. मला शोभाचाही संशय आला, की हिची आधीची ओळख तर नाही?

"हातमोजे आहेत?" ताईंनी विचारलं.

मी माझं ठरलेलं वाक्य म्हटलं.

ताई यमुनाकडे वळल्या. यमुना म्हणजे टोळीचा मुकादम काशिनाथ, त्याची बायको. तिचं नाव ताईंनी आल्या आल्याच विचारून घेतलं होतं. "यमुना, तुला नको असतात मोजे?"

यमुनानं माझ्याकडे पाहिलं, मग मातीकडे. "नाय लागत, ताई."

"बरं. मग मलाही नाही लागत."

त्यांनी पदर खोचला, स्पंज बुडवला आणि कामाला लागल्या. आता भाषण येईल म्हणून मी बांधावर उभा राहिलो. मोबाईल काढून फोटो घेतील म्हणून लक्ष ठेवलं. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता. भाषण आलंच नाही. काम मात्र त्या इतकं वाईट करत होत्या की बघवत नव्हतं. डोळे सोडून द्यायच्या, औषध कोपरापर्यंत ओघळायचं, साडीवर शिंतोडे. यमुना मागून येऊन त्यांची ओळ परत करायची. काशिनाथ हसून म्हणाला, "ताई, तुमी नुस्तं बसा, आमचं काम कमी व्हईल." ताई त्याच्यापेक्षा मोठ्यानं हसल्या. "मला कळतंय रे. पण बसायला आले असते तर घरीच बसले असते."

दुपारपर्यंत त्यांचे हात भाजल्यासारखे लाल झाले. जेवणाच्या वेळी शोभा ताक घेऊन बागेत गेली, परत आली ती फणफणतच. "म्हातारी बाई तुमच्या बागेत हात जाळून घेती आन तुम्ही बांधावर उभे! यमुनाचे हात तरी कधी बघितले का?" मी बघितले नव्हते. बघितले असतील, पण नजर तिथं थांबली नसेल.

दुसऱ्या दिवशी मी दिंडोरीहून मोजे आणले. ताईंसमोर टाकले आणि उभा राहिलो. खरं सांगायचं तर आभाराची वाट बघत होतो. त्यांनी एक जोड उचलून काशिनाथच्या पंजाला लावून पाहिला. "हे लहान आहेत, सुदामराव. याचा हात जात नाही."

परत दिंडोरी.

मोजे आले, सगळ्यांनी घातले, कोणाचाही हात चालायचा थांबला नाही. बाईचं काम झालं, आता जाईल, असं मला वाटलं. ती गेली नाही. मोजे घालून रोज येत राहिली, तसंच वाईट काम करत राहिली, बाग संपेपर्यंत. माझा संशय खरा तिथं पक्का झाला. माणूस भांडून जिंकतो आणि निघून जातो, हे आपल्याला समजतं. जिंकल्यावर राबत बसतो, याचं काय करायचं?

एकदा मी विचारलंच, "ताई, हे का करता तुम्ही?"

"घरी टीव्ही बिघडलाय," त्या म्हणाल्या.

दिंडोरीला खतं-औषधांच्या दुकानात आम्हा बागायतदारांची बैठक असते. तिथं बाईचा विषय निघाला, कारण त्या आमच्या शिवारातल्या दुसऱ्या दोन-तीन बागांतही तसाच फोन करून गेल्या होत्या. कोणी म्हणालं, पंचायत समितीला उभी राहणार. कोणी म्हणालं, बाहेरच्या देशातून पैसा येतो असल्यांना. आमच्या गावचा दत्तू फक्त एवढंच म्हणाला, "बाई कोणाची हे, ते शोधा. कोणाची तरी असतीच." दत्तू माझ्या बरोबरीचा, त्याची बाग ओढ्यापलीकडे. मला त्याचं म्हणणं पटलं. कोणाचंही नसलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

म्हणून एका संध्याकाळी त्यांच्या एसटीच्या मागं मी मोटारसायकल घातली. नाशिकला उतरून त्या घराकडे गेल्या नाहीत. गंगापूर रोडला एका मोठ्या बंगल्यात शिरल्या. बंगला मी ओळखला. आमच्या भागातला माल उचलणाऱ्या एका व्यापाऱ्याचा तो. समोरच्या टपरीवर मी चहावर चहा घेत बसलो. बऱ्याच वेळानं फाटक उघडलं, पांढरी गाडी बाहेर आली आणि ड्रायव्हरशेजारी कुमुदताई बसलेल्या, बहुतेक पाट्याच वाचत.

मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही. इतके दिवस जे सापडत नव्हतं ते सापडलं.

ज्यांच्या बागा नाहीत त्यांना सांगायला हवं. माल तयार व्हायच्या आधी व्यापाऱ्यांकडून आवया उठतात. अमक्या गावच्या मालात औषधाचा अंश निघाला, तमक्या शिवारात मजुरांचे हात सोलले, आता बाहेरचे देश घेणार नाहीत. मग दर पडतो. तेव्हा व्यापाऱ्याच्या गाडीत बसलेली बाई आणि तिचे ते लाल झालेले हात, यांचा अर्थ आम्हाला एकच लागू शकत होता. दर पाडायला बाई पेरलीय. मी गावात येऊन हे सांगितलं. बोलणारा माणूस नसूनही घरोघर सांगितलं.

मारुतीच्या देवळात गाव जमलं. ताईंना बोलावलं, त्या शेवटच्या बागेतून तशाच आल्या. प्रश्न मी विचारला. "तुम्ही त्या व्यापाऱ्याकडे जाता का?"

"जाते की. दर आठवड्याला."

देवळात कालवा उठला. त्या थांबल्या, तो ओसरल्यावर म्हणाल्या, "ज्या बागेत मजुरांना मोजे आहेत तिथलाच माल उचला, एवढं सांगायला जाते. ते भेटत नाहीत. मी बसून राहते."

"आन गाडी?"

"गाडी स्टेशनला निघाली होती, ड्रायव्हरनं सोडलं. पाय दुखत होते."

"वा! पाय दुखत व्हते!" दत्तू ओरडला. हशा झाला. एका पोरगेल्या बागायतदारानं त्यांच्या खांद्याची पिशवी हिसकली आणि फरशीवर उपडी केली. डबा, कंगवा, घडीची साडी, चष्म्याचं घर आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचा पुडा. पुडा फुटला, गोळ्या सगळीकडे घरंगळल्या. ताई खाली बसल्या, गोळ्या वेचायला लागल्या आणि म्हणाल्या, "घ्या कोणी, सांडल्याच आहेत." एका म्हाताऱ्यानं घेतली. एक माझ्या पायाशी आली होती, ती मी उचलून खिशात घातली. खाल्ली नाही. नको म्हटलं, काय सांगावं.

"बाई, आमचा तुमच्यावर विश्वास नाही," दत्तू म्हणाला. "स्पष्ट सांगतो."

तेव्हा त्या जे बोलल्या ते मी इतक्या वर्षांत कोणाच्याही तोंडून ऐकलेलं नाही. "विश्वास कुठं मागतेय मी? संशय असू द्या. संशयासकट कामाला घ्या. लक्ष ठेवा, मागं माणूस लावा, हवं तर रोज पिशवी तपासा. मला चालेल."

गावाला नाही चाललं. पुन्हा शिवारात पाय ठेवायचा नाही असं ठरलं. त्यांनी पिशवी भरली, चप्पल-बुटांच्या गर्दीतून आपले बूट शोधले, आणि जाताना मला म्हणाल्या, "सुदामराव, पुढच्या वर्षी मोजे काढून ठेवा. उंदीर खातात."

पुढच्या वर्षी मोजे उंदरांनी खाल्ले होते. खरंच. शेडच्या कोपऱ्यात चिंध्या पडल्या होत्या. मी नवे आणले नाहीत. विचारणारं कोणी नव्हतं आणि बाईला हरवल्याची गुर्मी मनात होती. काशिनाथची टोळी आली, उघड्या हातांनी कामाला लागली.

या औषधाची आणखी एक गोष्ट आहे. ते हाताळल्यावर काही दिवस दारू प्यायची नाही. प्यालं तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, श्वास कोंडतो, माणूस जातोही. दुकानदार दर वर्षी सांगतो, "मजुरांना सांगा बरं का." त्या वर्षीही सांगितलं. मी टोळीला सांगितलं नाही. सांगितलं की दोघे-तिघे काम सोडून दुसऱ्या बागेत जातात, आणि छाटलेली बाग थांबत नाही. हे मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर आज लिहायचं काही कारण नव्हतं.

बाजाराच्या दिवशी काशिनाथ प्यायला. यमुना पालातून ओरडत आली तेव्हा त्याचा चेहरा जांभळा पडला होता. मी त्याला जीपमध्ये घालून नाशिकला नेलं. हेही सांगतो, कारण पुढं कित्येक दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो, की नेलं तर मीच ना?

दवाखान्यात सकाळी डोळा लागला होता, जाग आली तर काशिनाथच्या उशाशी कुमुदताई. यमुनानं रात्रीच फोन करून सगळं सांगितलं होतं. त्याच्या ओकारीचं भांडं त्यांच्या हातात होतं. ते धुऊन आणलं, त्याचं तोंड पुसलं, चादर बदलायला नर्सला मदत केली, पुन्हा भांडं धरलं. मी मनात हिशेब करत होतो. बाई आता केस करणार. हिला हेच हवं होतं. कदाचित दारूही हिनंच... इथपर्यंत गेलो मी.

डॉक्टरांना औषधाचं नाव त्यांनीच सांगितलं होतं, त्यामुळं उपचार वेळेत झाले. मग दवाखान्याच्या चौकीतला हवालदार जबाब घ्यायला आला. त्यानं मला विचारलं, मोजे दिले होते का, दारूचं सांगितलं होतं का.

"सगळं दिलं होतं, साहेब. सांगितलंही होतं. हा प्यायला, आपण काय करणार?"

ताई भांडं खाली ठेवून पुढं आल्या. "सुदामराव, हे खरं नाही. मी साहेबांना खरं सांगणार आहे. तुमच्यासमोर सांगते, मागं नाही. त्याआधी तुम्हीच सांगितलंत तर बरं होईल." आणि त्या थांबल्या. खरोखर थांबल्या. हवालदार पेन धरून उभा, यमुना भिंतीला टेकलेली, आणि ही बाई माझ्या तोंडाकडे बघत उभी.

मी म्हणालो, "साहेब, ही बाई व्यापाऱ्याची हे. आमच्या गावानं हाकललेली. विचारा कोणालाही."

ताईंनी खरं ते सांगितलं. पण हवालदाराचं पेन अर्ध्यावर थांबलं होतं. त्यानं यमुनाला विचारलं. यमुना माझ्याकडे न बघता म्हणाली, "प्याला व्हता." तिला पुढच्या वर्षी पुन्हा कामाला यायचं होतं. जबाब तेवढाच झाला.

तासाभरानं मी बाहेर बाकावर बसलो होतो. ताई दोन कप चहा घेऊन आल्या, एक मला दिला. मी कपाकडे बघत राहिलो.

"विष नाही घातलेलं. सकाळपासून उपाशी आहात."

"तुम्हाला राग येत नाही का हो?" मी विचारलं. चिडून विचारलं.

"येतो तर! तुमचा इतका राग आलाय की तुमचं तोंड बघू नये असं वाटतंय." त्यांनी चहाचा घोट घेतला. "राग आला की मी भांडी घासते. माझ्या घरची भांडी येऊन बघा एकदा, आरसे झालेत."

काशिनाथ वाचला, पण पहिल्यासारखा राहिला नाही. दोन पावलं चढला की दम लागतो. मुकादमी यमुनानं हातात घेतली.

माल तयार झाल्यावर सौद्यासाठी त्याच व्यापाऱ्याच्या बंगल्यावर मला जावं लागलं. पोर्चमध्ये बसवून ठेवलं होतं. तिथला म्हातारा वॉचमन गप्पांना आला. "तुमच्या दिंडोरी साइडची एक बाई यायची बघा, चष्मेवाली. हल्ली दिसत नाही ती. साहेब भेटायचे नाहीत, ती बसून राहायची. नुसतं बसवायचं नाही तिला, झाडू मागून घ्यायची. सगळा पाला झाडायची आवारातला. आमच्या ड्रायव्हरला दया यायची, स्टेशनला जाताना सोडायचा."

मी म्हणालो, "असं का." सौदा करून घरी आलो. शोभालाही सांगितलं नाही. मला आता सगळं माहीत झालं होतं आणि गावात माझी गोष्ट सुखानं नांदत होती. ती मोडायची म्हणजे काय काय मोडावं लागलं असतं. दवाखान्यातलं बोलणं, देवळातलं बोलणं, मागं लावलेली मोटारसायकल. गप्प बसायला मला कधीच कष्ट पडत नाहीत. त्या वर्षी पडले.

पुन्हा छाटणी आली आणि पुन्हा आदल्या दिवशी फोन.

"सुदामराव, उद्या येते."

"गावानं नको म्हटलंय, ताई."

"गावानं म्हटलंय. तुम्ही काय म्हणता?"

मी "या" म्हटलं. का म्हटलं ते अजून नीट सांगता येत नाही. चांगुलपणानं नव्हे, एवढं नक्की. बहुतेक थकलो होतो.

सकाळी त्या आल्या. आवाज बसला होता, चेहरा ओढलेला. मोजे मी आणून ठेवले होते, मोठ्या मापाचेही. टोळी बादल्या भरत होती. मी यमुनासमोर उभा राहिलो आणि बोललो. औषध आणि दारूचं मला माहीत होतं, मी मुद्दाम सांगितलं नाही. हवालदाराला खोटं सांगितलं. ताई व्यापाऱ्याची नाही, ती गोष्ट मी उठवली. आजपासून कोणीही पिऊ नका, आणि ज्याला काम सोडून जायचंय त्यानं जा. एवढंच.

यमुना माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदाच सरळ बघत होती. "आमाला ठावं व्हतं, शेठ," ती म्हणाली. "दवाखान्यातच ठावं व्हतं. मंग आता काय करू आमी त्याचं?"

मी ताईंकडे पाहिलं. त्या पदर खोचत होत्या. बरं केलंत, असं काही म्हणतील असं वाटलं होतं. "हे गावालाही सांगावं लागेल," त्या म्हणाल्या, "आणि हवालदारालाही. चला, ऊन चढतंय."

तेव्हा पुन्हा मनात आलं, बघ, अडकवलं की नाही हिनं तुला!

हवालदाराकडे मी गेलो. तो जुनी गोष्ट कशाला उकरता म्हणाला, तरी लिहून दिलं. काशिनाथच्या औषधपाण्याचं मी बघतो. त्यानं काही फिटत नाही, यमुना तसं भासूही देत नाही. मारुतीच्या देवळातही उभा राहून बोललो. लोकांनी ऐकून घेतल्यासारखं केलं. बाहेर चपला घालताना मागून कुजबुज आली. मला वाटलं, त्यात ताईंचं नाव असेल.

आमची बाग संपल्यावर एका सकाळी मी ओढ्यापलीकडून चाललो होतो, तर दत्तूच्या फाटकाशी कुमुदताई उभ्या. त्यालाही आदल्या दिवशी फोन गेला होता. दत्तू आतून हातवारे करत होता. "व्यापाऱ्याची बाई माझ्या बागेत नको!"

मी गाडी थांबवली. "दत्तू, अरे देवळात सांगितलं ना मी? ती गोष्ट खोटी हे. मीच उठवली होती."

दत्तूनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग सावकाश म्हणाला, "तुला कितीला फोडलं रे सुदाम?"

"कोणी फोडलं नाही."

"आसं कसं? आधी म्हणतो बाई खोटी. मंग म्हणतो मीच खोटा. एवढं कोण फुकट बोलतं?"

त्याच्या जागी मी हेच विचारलं असतं. अगदी याच शब्दांत. ताई हसायला लागल्या. हसताना त्यांना खोकला आला, फाटकाला धरून त्या वाकल्या. सावरल्यावर म्हणाल्या, "दत्तूभाऊ, याच्यावरही घ्या संशय. दोघांवर घ्या. मला फक्त एक ओळ द्या."

दत्तूनं फाटकाची कडी चाचपली. तो वाईट माणूस नाही. माझ्याइतकाच आहे. "बाई, तुम्ही या," तो शेवटी म्हणाला. "तुमचं निदान दोन वर्षं एकच बोलणं हे. पण हा नको. हा भाईर."

फाटक त्यांच्यापुरतं उघडलं आणि लागलं. दत्तूनं खिशातून मोबाईल काढला आणि माझ्या गाडीच्या नंबराचा फोटो घेतला.

मी गाडी सुरू केली, पण निघालो नाही. तारेतून दिसत होतं. ताईंनी पिशवी खांबाला अडकवली, टोळीतल्या बायांना काहीतरी विचारलं, त्यांनी माना हलवल्या. मग उघड्याच हातानं स्पंज बुडवला. पहिल्या वेलाला नीट लावलं. दुसऱ्याला अर्धे डोळे सोडून त्या पुढं निघाल्या. एका बाईनं त्यांना कोपराला धरून मागं आणलं, सुटलेला डोळा दाखवला. ताईंनी चष्मा मनगटानं वर सारला, वाकल्या, आणि तो डोळा अगदी जवळून पाहिला.

त्याच थंडीत त्या गेल्या. त्या सकाळी मला आणखी बघायचं होतं. पण दत्तू येऊन तारेशी आडवा उभा राहिला.